अकराव्या झाडाची जागा

सोमवार, ९ फेब्रुवारी

भाऊजींस,

तुमचं पार्सल आज सकाळी सव्वाअकराला पोचलं. टपालवाल्याला दारातच थांबवून त्याच्यासमोर सोडलं आणि एकेक वस्तू लिहून घेतली. भाजक्या मातीचे खडे, चाळलेले, पोतं एक (तुमच्या यादीत बारा किलो, आमच्या काट्यावर साडेअकरा). मुळं विंचरायचा तीन दातांचा आकडा एक. लांब पात्यांची कात्री एक, धार चांगली आहे. घडीची आरी एक. तारेचं वेटोळं एक. कुंडीच्या भोकांवर लावायची जाळी, वीतभर. तुमचा टपालखर्च २१०, तो पाकिटावरच दिसतो. आमच्याकडून पोतं गच्चीवर चढवायचे ४० टपालवाल्यानं घेतले, पाठ दुखते म्हणतो, आणि ह्यांच्या हातांचं तुम्हाला कुणीतरी कळवलेलंच दिसतं.

आणि एक कुंडी. ओंजळीत मावेल एवढी, तीत बोटाच्या जाडीचं, एकही पान नसलेलं झाड. हे यादीत नाही. यादीत नसलेली वस्तू मी घरात घेत नाही, पण टपालवाला परत न्यायला तयार होईना.

नऊ वर्षांनी लिहितेय, तेव्हा आधी खुशाली विचारायला हवी. आम्ही ठीक आहोत. तुम्हीही असाल. आता मुद्द्याचं.

तुम्हाला हे पाठवायला सांगितलं कुणी? तिकिटांच्या डबीत मागच्या महिन्यात आठ तिकिटं होती, आता सहा आहेत. मी पत्र टाकलेलं नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "असतील कुठेतरी पडली." तिकिटं पडत नाहीत भाऊजी, ती चिकटवावी लागतात. म्हणजे ह्यांनी तुम्हाला दोनदा लिहिलं, आणि माझ्यापासून लपवून लिहिलं. थरथरत्या हातानं पत्ता कसा लिहिला देव जाणे. इथे सहीसुद्धा मी हात धरून करून घेते.

जुनं उगाळायची मला हौस नाही, पण एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की वहिनीला आठवत नाही. ह्यांनी बावीस वर्षांपूर्वी एका पसरट ट्रेमध्ये एल्मची, त्या विलायती झाडाची, अकरा बोन्साय रोपं लावून ते जंगल केलं. एवढ्याशा ट्रेत अख्खं रान. लोक दुरून बघायला यायचे. त्यात आजोबांच्या डाव्या हाताला, आजोबा म्हणजे सगळ्यांत उंच ते, दुसऱ्या नंबरचं झाड होतं. सगळ्यांना पालवी फुटल्यावर आठ दिवसांनी त्याला फुटायची, म्हणून आम्ही त्याला आळशी म्हणायचो. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही चार दिवस राहायला आलात. चौथ्या दिवशी मी मोजली तर दहा झाडं. आळशीच्या जागी हिरवं शेवाळ लावून जमीन कशी सपाट केलेली. आणि तुमच्या पिशवीत ओलं फडकं, त्यातून काडी डोकावत होती. मी जेवताना चारचौघांत विचारलं, तुम्ही काही बोलला नाहीत. मी चोर म्हटलं, तरी बोलला नाहीत. तुम्ही तेव्हा माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे बघितलंत. मग ताटावरून उठलात आणि गेलात. आमटी तशीच राहिली.

आता हे झाड पाठवून काय सांगायचंय? चोरलेल्यातलं थोडं परत केलं की हिशेब मिटतो, असं? त्याला एक कोंब नाही. इकडे जंगलातल्या दहाही झाडांचे डोळे फुगायला लागलेत आणि हे ढिम्म. मेलेलंच पाठवलंत की काय?

सामान ठेवून घेतलंय, कारण त्याची गरज आहे. तुमची गरज नाही.

वहिनी


गुरुवार, १२ फेब्रुवारी

भाऊजींस,

तुमचं उत्तर नाही, यायला वेळही झाला नाही. पण काल एक गोष्ट झाली ती तुम्हाला कळायला हवी. कदाचित ती तुम्हाला माझ्याआधीच कळली असेल, तोच तर माझा संशय आहे.

काल दुपारी नर्सरीवाले आले. तुम्ही असताना कोपऱ्यावर खताचं दुकान चालवत होते तेच. न बोलावता आले. चपला काढल्या, पाणी प्यायले, आणि थेट गच्चीवर. खिशातून टेप काढून ट्रेची लांबी-रुंदी घेतली. मग फोन काढून चारी बाजूंनी फोटो.

मी म्हटलं, "हे कुणासाठी?"

"असंच ताई, माझ्यासाठी."

"तुम्हाला माप लागतंय कशाला? विकत घ्यायचंय?"

"अहो, मला फुलझाडं विचारा. या बोन्सायच्या भानगडीचं मला भय वाटतं. हात लावला की जीव घेतल्यासारखं वाटतं." आणि मग जिन्यावरून उतरताना, अगदी सहज, "धाकटे असते तर बरं झालं असतं."

धाकटे म्हणजे तुम्ही. नऊ वर्षांत या घरात तुमचं नाव कुणी काढलेलं नाही, आणि खतवाल्याला तुमची आठवण येते! कुठेतरी पाणी मुरतंय.

पाण्यावरून सांगते, जंगलावर पाणी खरंच मुरत नाहीये. झारीनं घातलं की वर तळं साचतं आणि कडेवरून ओघळतं. ह्यांचं म्हणणं, मागच्या खेपेला माती बदलल्यापासून पाच वर्षांत ट्रे मुळांनी गच्च भरलाय. सगळं जंगल ट्रेच्या काठापेक्षा बोटभर वर उचललं गेलंय, खालून मुळांनी ढकलून. हे म्हणतात, "या वर्षी डोळे उघडायच्या आत मुळं कापून माती बदलली नाही, तर पुढच्या वर्षी बदलायला जंगल नसेल." हे सांगताना स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसले होते. मी बघितलं नाही असं दाखवलं.

हे त्यांचं एकच आहे भाऊजी. तुम्हाला ते माहीत आहे आणि तुम्ही त्याचाच फायदा घ्याल, असं माझं मन म्हणतं. एक नेलंत, तेव्हा ह्यांचे हात धड होते. आता हात गेले. आता दहाच्या दहा न्यायला सोपी. माप घेऊन झालंय, फोटो झालेत, अवजारं येऊन पडलीत. फक्त मालकानं या म्हणायचं बाकी.

मी या म्हणणार नाही.

तुमचं ते काडीएवढं झाड मागच्या दाराच्या कट्ट्यावर ठेवलंय. मरू देत नाहीये, यादीत नसलं तरी जीव आहे. साधंच पाणी घालते. तिथे शेजारी देवाच्या पाण्याची कुंडी आहे, तिच्यात मात्र काही जगत नाही. शुक्रवारी देवाचे दिवे, ताटल्या, तांब्या घासल्यावर ते पाणी मोरीत ओतायचं नाही ही आमच्या आईची शिस्त. देवाच्या अंगाखांद्यावरचं पाणी, ते झाडालाच. पूर्वी कट्ट्यावर जंगल होतं तेव्हा मी त्यालाच घालायची. तुम्ही गेल्यावर ह्यांनी जंगल गच्चीवर हलवलं आणि मला ही वेगळी कुंडी आणून दिली. म्हणाले, "तुझ्या देवाच्या पाण्याला ही." वहीत बघितलं, नऊ वर्षांत त्या कुंडीत सहा रोपं झाली. जुनं वाळलं की हे मुकाट्यानं नवं आणतात, मला एक शब्द बोलत नाहीत. मातीच वाईट असणार. पण बघा, माणूस किती मनापासून करतो, आणि तुम्ही त्याच माणसाच्या ट्रेतून झाड उचललंत.

वहिनी


मंगळवार, १७ फेब्रुवारी

भाऊजींस,

तुमचं पत्र आज आलं. मला नाही, ह्यांना. मी ते उघडलं. दुसऱ्याचं पत्र उघडणं पाप आहे हे मला कळतं. दिव्यापुढे हात जोडून क्षमा मागितली आणि मग उघडलं.

चारच ओळी. तुमचं अक्षर तसंच आहे, उजवीकडे पडणारं.

"दादा, नर्सरीवाल्याला फक्त उचलायला घे, कापू देऊ नकोस. मधल्या गड्ड्याला हात नको, कडेनं आणि खालून. आणि आठवणीनं, त्या दिवशी वहिनींना मावशींकडे किंवा बहिणीकडे पाठव. दोन्ही वेळा केलंस तसं."

दोन्ही वेळा!

मी वही काढली. नऊ वर्षांत जंगलाची माती दोनदा बदलली. पहिल्यांदा बहिणीच्या पायाला लागलं होतं म्हणून मी गेले होते. हेच म्हणाले होते, "जा गं, राहा दोन दिवस, मी करतो वरण-भात." दुसऱ्यांदा बहिणीला काहीही झालं नव्हतं, तरी ह्यांनी तिकीट काढून आणलं. मला वाटलं केवढी माया. वहीत लिहिलंयसुद्धा, "ह्यांनी स्वतःहून."

म्हणजे नऊ वर्षं मी घराबाहेर असेन तेव्हाच ते जंगल उचललं जातं. का? त्याच्या खाली काय आहे? की दोन्ही वेळा तुम्ही इथे येऊन गेलात? माझ्या स्वयंपाकघरात चहा करून प्यायलात? कपबशांना विचारता येत नाही म्हणून, नाहीतर विचारलं असतं.

पत्र ह्यांच्या हातात दिलं. फोडलेलं. ह्यांनी ते दोनदा वाचलं.

मग म्हणाले, "बरेच दिवस झाले तू बहिणीकडे गेली नाहीस."

"जाणार नाहीये."

"अगं, धूळ उडेल, चिखल होईल..."

"मी पंचवीस वर्षं तुमचा चिखल पुसतेय. याही वेळचा पुसेन."

"तुला त्रास होईल."

"कशाचा?"

त्यावर गप्प. तुमच्या दादांचं गप्प तुम्हाला माहीत आहे. त्याला दार नाही की खिडकी नाही.

मग मी माझं ठरवून टाकलं आणि सांगितलं. रविवारी जंगल उचलायचं. नर्सरीवाले फक्त उचलतील. हे स्टुलावर बसून सांगतील. आणि मुळं मी कापीन. तुमच्याच कात्रीनं. तीस वर्षं भाजी चिरतेय, शिवण करतेय, माझा हात चालतो. मॅट्रिकला वनस्पतीचा धडाही होता, मुळांचे प्रकार अजून पाठ आहेत.

हे म्हणाले, "तुला जमेल." पण चेहरा असा केला, जणू मी म्हटलं होतं की उद्या तुमचं ऑपरेशन मी करते.

बघूच काय लपवलंय ते.

वहिनी


सोमवार, २३ फेब्रुवारी

भाऊजींस,

काल केलं. आधी काम लिहिते, मग बाकीचं. बाकीचं आधी लिहिलं तर कामाचं राहून जाईल, आणि कामाचं तुम्हाला कळायला हवं.

सकाळी आठला सावलीत, वारा नव्हता. नर्सरीवाले वेळेवर आले. झाडं बांधून ठेवणाऱ्या ट्रेखालच्या तारा मी पकडीनं तोडल्या. मग तुमची आरी काठाच्या आतून गोल फिरवली, भाकरी तव्यावरून सोडवावी तशी. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरलं, ह्यांनी "हं" म्हटलं, आणि अख्खं जंगल एका तुकड्यात वर आलं. खाली माती दिसतच नव्हती. नुसती मुळं. ट्रेच्या आकाराची, चटईसारखी विणलेली. कुठलं मूळ कुठल्या झाडाचं, सांगायची सोय नाही. दहा झाडं, आणि खाली एकच संसार.

हे म्हणाले, "आता विंचर. केसांतला गुंता काढतेस तसं. बाहेरून आत. ओढू नकोस."

ह्यांच्या हातात मी फवारणीची बाटली दिली होती, मुळं सुकू द्यायची नाहीत म्हणून. सांगते, थरथरणाऱ्या हाताला फवारणी फार छान जमते. अर्धं पाणी मुळांवर, अर्धं नर्सरीवाल्यांवर. ते म्हणाले, "मलाही नवी पालवी फुटेल आता." हे हसले. किती दिवसांनी हसले.

कडेची मुळं विंचरून बोटभर कापली. मग चटई आडवी धरून खालचा तिसरा हिस्सा. आधी हात धजेना. ह्यांनी सांगितलं, "जाड, उलटी वळलेली आधी. बारीक केसांसारखी ठेव, पाणी तीच पितात." कात्री चालायला लागली आणि मग माझी भीती गेली. बादलीभर मुळं निघाली. ह्यांनी एकदाही "जपून" म्हटलं नाही.

आता बाकीचं.

कडेनं वर येता येता मी आजोबांच्या डाव्या हाताला आले. तिथे आकडा अडकला. दगड असेल म्हणून बोटानं माती उकरली. शेवाळाखाली एक बुंधा. अंगठ्याएवढा जाड. मातीच्या रेषेवर सपाट कापलेला, आरीनं, अगदी सरळ. कापल्या जागेवर मेणाचा थर, काळा पडलेला. खाली त्याची मुळं काळी, पोकळ, चिमटीत भुगा होणारी, पण शेजाऱ्यांच्या मुळांत अशी गुंतलेली की उपटली असती तर आजोबांचीही फाटली असती.

मी आकडा खाली ठेवला. भाऊजी, मी काही फार शिकलेली नाही, पण एवढं मला कळतं. चोर झाड नेतो तर मुळासकट नेतो. मुळांशिवाय झाड कुणाच्या काय कामाचं? आणि चोर कापलेल्या जागी मेण लावत बसत नाही.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांची फवारणी थांबली होती.

"हे कुणी कापलं?"

नर्सरीवाले उठले. "मी खालून खडे आणतो," म्हणाले. खडे शेजारीच होते.

"मी," हे म्हणाले.

"का?"

"मेलं होतं गं."

"कशानं?"

ह्यांनी बोटानं ट्रेचा एक कोपरा दाखवला. रिकाम्या ट्रेच्या त्या एका कोपऱ्यात पांढरा थर होता, काठाला आणि तळाला चिकटलेला. नखानं खरवडला तरी निघेना. बाकी ट्रे स्वच्छ. मी बोट जिभेला लावलं. काही चव नाही. नऊ वर्षं धुतलेला. पण जीभ कशाला लावली ते माझं मला कळलं होतं.

देवाची भांडी मी कशानं घासते? मीठ आणि लिंबू. मूठभर मीठ. आमच्या आईसारखं. आणि कट्ट्यावर जंगल होतं तेव्हा मागच्या दारातून हात पोचायचा तो याच कोपऱ्यावर. दर शुक्रवारी. तेरा वर्षं.

शेवटच्या वर्षी त्याला पालवी फुटली नाही तेव्हा मीच म्हणाले होते, आळशीच मेलं, फुटेल सावकाश. आणि आणखी तांब्याभर घातलं होतं.

मी विचारलं, "मला सांगितलं का नाही?"

हे म्हणाले, "त्या वर्षी तुझी आई गेली होती. तुझं सगळं त्या देवघरात होतं. तुझ्या देवाच्या पाण्यानं झाड मेलं, हे मी कुठल्या तोंडानं सांगू? तू बाजारातून आली नव्हतीस तोवर कापून टाकलं. एक फांदी तेवढी हिरवी होती, ती त्यानं मागितली. ओल्या फडक्यात गुंडाळून नेली, लागली तर लागली म्हणून. तेवढ्यात तू पिशवी बघितलीस."

"आणि जेवताना मी काय बोलले ते ऐकलंत ना तुम्ही?"

"मी सांगणार होतो. तो दारात मला म्हणाला, राहू दे दादा. चोर म्हटलेलं मी चार दिवसांत विसरेन, पण हे वहिनी जन्मभर विसरणार नाहीत. चार दिवस थांब, मग सांग." ह्यांनी बाटली खाली ठेवली. "चार दिवस म्हणाला होता तो. मी नऊ वर्षं केली."

मला राग आला भाऊजी. तुमचा पण आला. तुम्ही दोघांनी मिळून मला काय समजलात? काचेचं भांडं? मी सासूबाईंचं आजारपण काढलं, दोन बाळंतपणं एकटीनं केली, आणि मला एक झाड मेल्याचं सोसणार नव्हतं? आणि देवाचं म्हणाल, तर तो त्या कट्ट्यासमोरच बसलाय, दर शुक्रवारी बघत होता. त्याला ठाऊक होतं, तुम्हा दोघांना ठाऊक होतं, खतवाल्याला ठाऊक होतं (त्यानंच तर तेव्हा माती तपासली होती, काल कबूल झाला; माप आणि फोटोही तुमच्यासाठीच होते म्हणे). एक मी सोडून. मीठ माझं होतं, देवाचं नव्हतं. एवढा फरक मला कळला असता.

ह्यांना म्हटलं, "आणि ती सहा रोपं?"

"देवाच्या पाण्याला काहीतरी लागतं ना," म्हणाले. "जंगल नको, म्हणून ती."

सहा जीव भाऊजी. नुसते मला कळू नये म्हणून.

मुळं उघडी होती, भांडायला वेळ नव्हता. जाळी लावली, तारा भोकांतून वर काढल्या, खड्यांचा थर पसरला, जंगल ठेवलं, तारा आवळल्या. काडीनं टोचून टोचून खडे मुळांच्या फटींत बसवले. खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत झारी धरली. दहा झाडं जागेवर आहेत. जगतील असं हे म्हणतात. पंधरा दिवसांत कळेल.

बुंधा मी भुगा होईल तेवढा चमच्यानं कोरून काढला. तिथे खड्डा आहे. तो बुजवला नाही.

आज एवढंच. अजून राग आहे.

वहिनी


गुरुवार, २६ फेब्रुवारी

चिरंजीव भाऊजींस, वहिनीचा आशीर्वाद.

हे पाचवं पत्र. पैकी चार तुम्हाला एकामागून एक मिळाली असतील, आणि पहिली तीन वाचताना तुम्ही काय म्हणाला असाल ते मला ऐकू येतंय. साडेअकरा किलोचं वाक्य विसरून जा. आमचा काटाच अर्धा किलो कमी दाखवतो, काल साखरेवरून कळलं.

पहिल्या पत्रात मी विचारलं होतं की मेलेलं झाड पाठवलंत का. त्यावर माझं उत्तर मलाच मिळालं. काल जंगलातल्या आजोबांनी पहिलं पान उघडलं. मागून चार-पाचजणांनी. तुमचं काडीएवढं झाड अजून डोळे मिटूनच. मी ते उचलून ह्यांच्यापुढे नेलं आणि म्हटलं, "हे जगणार नाही, भाऊजींची मेहनत वाया गेली." ह्यांनी जवळ घेऊन बघितलं, नखानं साल इतकीशी खरवडली. आत हिरवं. मग हे मला म्हणाले, "अगं, हा आळशी आहे. ह्याला आठ दिवस दे."

मला ते आधी कळायला हवं होतं. कुणाचं तरी वागणं ओळखायला मला फार वेळ लागतो, हे आता वहीतच लिहून ठेवलंय.

तरी एक शंका विचारते, स्वभाव काही एका रविवारी जात नाही. नऊ वर्षांत त्याची मुळं तुम्ही किती वेळा कापलीत? मी कुंडीतून हलकेच काढून बघितलं, फार नेटकी आहेत. ज्या माणसाच्या मनात राग असतो त्याच्या हातून एवढी नेटकी मुळं कापली जात नाहीत, असं काल मला वाटलं. चुकत असेन तर कळवा.

शुक्रवारचं पाणी उद्यापासून मोरीत जाईल. आधी लिंबू-मिठाचं एक पाणी मोरीत, मग दुसरं साधं स्वच्छ पाणी, ते झाडांना. आईची शिस्तही राहील. कट्ट्यावरच्या कुंडीतली माती बदलली, तीत ह्यांनी सातवं रोप लावलंय. मी त्यांना सांगितलं, हे मेलं तर मला सांगायचं.

आणखी एक काम केलं. त्या दिवशी जेवायला आपण तिघं सोडून चारजण होते. मामा, मामी, तुमची आत्या आणि शेजारचे मास्तर. मामा गेले, पण मामी आहेत. तेव्हा मामींना, आत्यांना आणि मास्तरांना मी काल एकेक कार्ड टाकलं. "नऊ वर्षांपूर्वी जेवताना मी माझ्या दिरांना चोर म्हटलं. त्यांनी झाड नेलं नव्हतं. ते माझ्या हातून मेलं, आणि त्यांनी मला वाचवायला ऐकून घेतलं." पाकिटातून पाठवलं नाही, उघडी कार्डं टाकली. म्हटलं तेव्हा चारचौघांत, तर पुसायचं तेही वाटेत चारचौघांना वाचता आलं पाहिजे. आमच्या टपालवाल्यानं वाचलं. आज पोतं चढवायचे चाळीस परत द्यायला लागला, मी घेतले नाहीत.

मामांना सांगायचं राहिलं. त्यांच्यासाठी दिव्यापुढे बोलले.

आता जंगलाचं. आजोबांच्या डाव्या हाताला खड्डा आहे. त्याच्या तळाशी जाळी आहे, दोन तारा वर काढून वाकवून ठेवल्यात, खड्यांचा एक डबा झाकून बाजूला काढलाय. सगळं तयार आहे. हे म्हणतात, "तूच लाव, आता तुला येतं." मी लावणार नाही. ती फांदी तुम्ही नेलीत, तुम्हीच आणून बसवा. दहा झाडांचं जंगल ह्यांना कधीच बघवलं नाही. सम आकड्याचं रान नसतं म्हणतात. ते मला नऊ वर्षं कळत होतं, का ते कळत नव्हतं.

पण वेळ थोडा आहे. आळशीचे डोळे आज सकाळी भिंगातून बघितले. टोकं किंचित फुगलीत, तांबूस झालीत. उघडायच्या आत मुळांना हात लावायला हवा, नाहीतर वर्षभर थांबावं लागेल. ह्यांचा हिशेब पाच मार्चपर्यंतचा आहे. माझा चारपर्यंतचा, मी एक दिवस हाताशी ठेवते.

तुमची खोली झाडून घेतलीय. गादीला ऊन दाखवलंय. त्या दिवशी ताटात राहिली होती तीच आमटी करीन, मीठ तुम्ही तुमच्या हातानं घाला.

कुठल्या गाडीनं येता ते उलट टपाली कळवा. कार्ड ह्यांच्या नावानं टाकलंत तरी चालेल, या घरातलं पत्र शेवटी मीच उघडते.

तुमची,
वहिनी